फरक की पट?

मुळशीच्या खाचरांत आंबेमोहर आणि इंद्रायणी पिकते. तिथल्या मुलांना दाण्याची भाषा कळते, म्हणून कोडेही दाण्यांचेच घालावे. भातकापणीला आलेल्या दोन गड्यांनी महिनाभराची मजुरी ठरवली. पहिला म्हणाला, मला रोज हजार दाणे द्या. दुसरा म्हणाला, मला पहिल्या दिवशी एकच दाणा द्या, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार. रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट. शहाणा कोण? पाचवी-सहावीच्या वर्गात हे विचारले की बरेच हात हजार दाण्यांच्या बाजूने वर जातात. मोठ्या माणसांच्या बैठकीत विचारले तरी चित्र फार बदलत नाही.

मग वही उघडून कोष्टक मांडायचे. दहाव्या दिवशी पहिल्याकडे १०,००० दाणे जमलेले असतात आणि दुसऱ्याकडे जेमतेम १,०२३. सगळे दुसऱ्याला हसतात. तेराव्या दिवसापर्यंत पहिलाच पुढे असतो. चौदाव्या दिवशी दुसरा त्याला गाठून मागे टाकतो. विसाव्या दिवशी पहिल्याकडे २०,००० दाणे, तर दुसऱ्याकडे दहा लाखांहून जास्त. तिसाव्या दिवशी दुसऱ्याची त्या एका दिवसाची मजुरीच ५३,६८,७०,९१२ दाणे होते. किलोत साधारण पन्नास हजार दाणे धरले तर हा ढीग १०७ क्विंटलचा. पहिल्याने महिनाभरात जमवलेले तांदूळ मात्र सहाशे ग्रॅमच्या आसपास.

कोडे जुने आहे. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट अनेकांनी लहानपणी ऐकलेली असते. पण ती बक्षीस मागणाऱ्याच्या चतुराईची गोष्ट म्हणून ऐकली जाते आणि विसरली जाते. तिच्यातला आरोग्याचा धडा वेगळा आहे आणि तो त्या पहिल्या तेरा दिवसांत आहे. साथीचा रोग सुरुवातीला असाच दिसतो. आकडे किरकोळ असतात, पुढच्या गड्याला हसावे तसे लोक त्याला हसतात, आणि चौदावा दिवस उजाडतो तेव्हा हातात वेळ उरलेला नसतो.

मार्च २०२१ चे कोष्टक

महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात देशात रोज नव्वद हजारांवर नवे रुग्ण नोंदवले जात होते. नंतर लाट ओसरली. फेब्रुवारी २०२१ च्या मध्याला रोजचा आकडा अकरा हजारांच्या आसपास आला आणि बहुतेकांच्या मनातून आजार गेला. मार्चच्या मध्याला आकडा पंचवीस हजारांच्या घरात होता. सप्टेंबरमधले नव्वद हजार आठवणाऱ्यांना तो फारसा वाटला नाही. लग्ने झाली, प्रचारसभा झाल्या, जत्रा भरल्या. एप्रिलच्या मध्याला आकडा दोन लाखांच्या पुढे गेला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात चार लाखांच्या पुढे. त्या दिवसांत पुण्यात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत प्राणवायूची खाट मिळवण्यासाठी माणसांनी काय काय केले, हे ज्यांच्या घरात घडले त्यांना वेगळे सांगायला नको.

मार्चच्या मध्याला हाती असलेल्या माहितीत धोक्याची खूण होती का? होती. पण ती आकड्यात नव्हती, दोन आकड्यांच्या नात्यात होती. अकरा हजारांचे पंचवीस हजार म्हणजे महिन्यात दुपटीहून अधिक. पंचवीस हजार हा आकडा लहान होता, पण 'दुपटीहून अधिक' ही वाढ लहान नव्हती. हीच गती टिकली असती तरी मेच्या मध्यापर्यंत आकडा लाखाच्या पुढे गेला असता. प्रत्यक्षात गती आणखी वाढली आणि पुढच्या महिन्यात आठपट झाली.

मोठ्या माणसांची नजर असे नाते का टिपत नाही? विलेम वागेनार आणि सब्बातो सगारिया यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांसमोर पटीने वाढणाऱ्या आकड्यांची मालिका ठेवून काही पायऱ्यांनंतरचा आकडा अंदाजाने सांगायला सांगितले होते. बहुतेकांचे उत्तर खऱ्या उत्तराच्या निम्म्यापर्यंतही पोचले नाही. यात एक बारकावा महत्त्वाचा आहे. आकडे त्यांच्यासमोर होते. म्हणजे आकडे नुसते मांडून भागत नाही, त्यांच्याकडे कसे पाहायचे हे शिकावे लागते. पुढे २०२० मध्ये जर्मनीतील मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकी नागरिकांवर केलेल्या अभ्यासात दिसले की करोनाची वाढ बेरजेने होते, असाच लोकांचा समज होता. हा गैरसमज दूर केल्यावर एकमेकांत अंतर राखण्याच्या नियमांना त्यांचा पाठिंबा वाढला. म्हणजे ही खोड सुधारता येते. प्रश्न एवढाच, की ती साथीच्या धांदलीत सुधारायची की त्याआधी, शाळेच्या फळ्यावर?

काड्यांचे चौकोन

शाळेत हा विषय मुळीच नाही असे नाही. प्राथमिक वर्गांच्या गणितात 'आकृतिबंध' असतात. आगपेटीच्या काड्यांचे चौकोन एकाला एक जोडून मांडायचे. एका चौकोनाला ४ काड्या, दोन जोडचौकोनांना ७, तीनांना १०. चौथ्याला किती? मुले पटकन १३ सांगतात आणि बहुतेक ठिकाणी धडा तिथेच संपतो. पुढची संख्या आली की बरोबरची खूण मिळते.

खरे शिक्षण त्यापुढे आहे. दहा चौकोनांना ३१ काड्या लागतात, तर वीसांना किती? येथे हुशार मुलेही दुप्पट करून ६२ म्हणतात. उत्तर ६१ आहे. दहा-दहाच्या दोन रांगा जोडल्या की मधली एक काडी दोन्हींत सामाईक होते. कोष्टकात एका बाजूला चौकोन, दुसऱ्या बाजूला काड्या लिहिल्या की दिसते: प्रत्येक चौकोनामागे तीन काड्या आणि सुरुवातीची एक जादा. हा नियम हाती आला की शंभर चौकोनांच्या ३०१ काड्या न मांडता सांगता येतात. पुढची संख्या सांगणे आणि शंभरावी संख्या सांगणे यांत तेवढेच अंतर आहे जेवढे आज ताप किती आहे हे पाहणे आणि उद्या काय होईल हे ओळखणे यांत.

पुढच्या वर्गांत काय होते? दहावीच्या बीजगणितात गेली अनेक वर्षे अंकगणिती श्रेढी आहे, म्हणजे ठरावीक बेरजेने वाढणारी मालिका. पटीने वाढणारी भूमिती श्रेढी येते ती अकरावीत, तेही गणित घेणाऱ्यांना. त्याआधी पटीची वाढ भेटते ती आठवीत, चक्रवाढ व्याजाच्या रूपाने. पण तिथे बहुतेकांच्या लक्षात राहते ते सूत्र. मुद्दल, दर आणि मुदत घालून उत्तर काढायचे आणि पुढच्या उदाहरणाकडे वळायचे. परिणामी दहावीनंतर गणित सोडणाऱ्या मुलाच्या मनात 'वाढ' म्हणजे बेरीज असे पक्के बसते. हीच मुले पुढे सरपंच होतात, आशा कार्यकर्त्या होतात, पत्रकार होतात, आई-बाप होतात.

उपाय साधा आहे आणि त्याला नवे पुस्तक लागत नाही. आकृतिबंधाच्या प्रत्येक कोष्टकाला दोन रकाने वाढवावेत. एका रकान्यात 'फरक', म्हणजे या आकड्यातून मागचा आकडा वजा करून काय उरले. दुसऱ्यात 'पट', म्हणजे या आकड्याला मागच्याने भागून काय आले. काड्यांच्या कोष्टकात फरकाचा रकाना ३, ३, ३ असा सारखा येतो. दाण्यांच्या कोष्टकात पटीचा रकाना २, २, २ असा सारखा येतो. जो रकाना सारखा, ती वाढीची जात. पाचवीच्या मुलाला वजाबाकी आणि भागाकार येतो. त्याला याहून जास्त काही यायची गरज नाही.

डब्यातला भात आणि टाकीतले पाणी

दोन रकान्यांची सवय लागली की आरोग्याच्या अनेक सूचना नुसत्या पाठ करण्याच्या राहत नाहीत, समजतात. शिजवलेले अन्न फार वेळ उघड्यावर ठेवू नये, ही त्यातली एक. आतड्यातला ई-कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे तासाला आठपट. एका जिवाणूपासून सुरुवात केली तर तासागणिक कोष्टक होते: ८, ६४, ५१२, ४,०९६, ३२,७६८, २,६२,१४४ आणि सातव्या तासाला २०,९७,१५२. सकाळी सातला भरलेला डबा दुपारी दोनला उघडला तर मधे सात तास जातात. प्रत्यक्षात अन्नाचे तापमान, आम्लता, मीठ यांवर हा वेग कमी-जास्त होतो. पण पहिल्या दोन तासांत फारसे काही बिघडत नाही आणि नंतर एकदम बिघडते, असे का वाटते याचे उत्तर कोष्टकात आहे. 'एकदम' काही झालेले नसते. पट पहिल्यापासून तीच असते.

डेंग्यूचा डासही तसाच. एडिस डासाची मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. त्यांतल्या निम्म्या माद्या धरल्या आणि सगळ्या जगल्या तर कागदावर पिढीगणिक पन्नासपट: १, ५०, २,५००, १,२५,०००. निसर्गात बहुतेक अळ्या मरतात, म्हणून इतके होत नाही. पण 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' या सूचनेतला आठवडा कुठून आला, हे यातून कळते. अंड्याचा डास होण्याआधी पाणी ओतले तर पुढची पायरीच रद्द होते. धुराची फवारणी उडणारे डास मारते, म्हणजे आकड्यातून काही वजा करते. टाकी घासून कोरडी करणे पटीवर घाव घालते. हिंजवडीच्या उंच इमारतींतल्या कुंड्या असोत की पिरंगुटजवळच्या चाळीतली पिंपे, गणित एकच आहे.

पटीवरचा लहानसा घाव किती मोठा असतो, हेही मुलांनी स्वतः करून पाहावे. दर पायरीला दुप्पट होणारी संख्या दहा पायऱ्यांत १ वरून १,०२४ होते. तीच दीडपटीने वाढली तर दहा पायऱ्यांत ५८ च्या आत राहते. दोनाची दीड ही घट पाव भागाची, पण शेवटी पडणारा फरक सतरा-अठरा पटींचा. लस शंभर टक्के संरक्षण देत नाही, मुखपट्टी शंभर टक्के अडवत नाही, म्हणून त्यांचा उपयोग नाही असे म्हणणाऱ्याला याहून चांगले उत्तर सापडणे कठीण आहे.

अंगणवाडीतला तक्ता

आता उलट्या जातीची वाढ. बाळाचे वजन बेरजेने वाढत नाही आणि पटीनेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार मुलग्यांच्या वजनाचा मध्य असा आहे:

जन्मतः ३.३ किलो
१ महिना ४.५ किलो, फरक १.२
२ महिने ५.६ किलो, फरक १.१
३ महिने ६.४ किलो, फरक ०.८
४ महिने ७.० किलो, फरक ०.६
५ महिने ७.५ किलो, फरक ०.५
६ महिने ७.९ किलो, फरक ०.४

मुलींचे आकडे थोडे कमी, पण चाल हीच. फरकाचा रकाना हळूहळू उतरतो. काड्यांच्या वीस चौकोनांना ६२ म्हणणारी चूक येथेही होते. सहा महिन्यांत आठ किलो, तर वर्षात सोळा हवे असे गणित करून बाळ वाढतच नाही अशी धास्ती काही घरे घेतात. वर्षाच्या मुलग्याचा मध्य ९.६ किलो आहे. वाढ मंदावणे हा तिथे आजार नाही, स्वभाव आहे.

पण दुसऱ्या बाजूची चूक जास्त महागात पडते. समजा, एका मुलग्याचे वजन तीन महिन्यांना ६.४ किलो होते, चार महिन्यांना ६.६ आणि पाच महिन्यांना ६.७. वजन दर महिन्याला वाढले आहे. पाचव्या महिन्यात कमी वजनाची सीमा मुलग्यासाठी ६ किलोच्या आसपास असल्याने तक्त्यावर त्याचा ठिपका हिरव्याच पट्ट्यात पडतो. आईला 'नॉर्मल आहे' असे सांगून घरी पाठवले जाते. फरकाचा रकाना मात्र वेगळे बोलतो: जिथे ०.६ आणि ०.५ अपेक्षित होते तिथे ०.२ आणि ०.१. दोन महिन्यांत १.१ किलोच्या आसपास वाढायचे मूल तीनशे ग्रॅम वाढले. त्याला दूध पुरत नाही, की वारंवार जुलाब होतात, की लघवीचा जंतुसंसर्ग आहे, की हृदयात दोष आहे, हे आत्ताच पाहायला हवे. हिरवा पट्टा ओलांडून ठिपका पिवळ्यात किंवा लाल पट्ट्यात जाईपर्यंत थांबले, तर उपचारांचा सर्वांत सोपा काळ निघून गेलेला असतो.

वाढीचा तक्ता मुळात याचसाठी तयार झाला. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मोर्ली यांनी नायजेरियातल्या खेड्यांत काम करताना तो प्रसिद्धीस आणला, तो बाळ कोणत्या रंगात आहे हे सांगण्यापेक्षा रेघ कोणत्या दिशेने चालली आहे हे दिसावे म्हणून. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात खेड्यांतल्या बायका, ज्यांतल्या अनेकींनी शाळा पाहिली नव्हती, आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या आणि बाळांची वजने घेऊन वाढीवर लक्ष ठेवू लागल्या. हे काम पदवीचे नाही, नजरेचे आहे. आज अंगणवाडी सेविकेच्या हातात मोबाइल आहे. वजन भरले की श्रेणी आपोआप दिसते. सोय मोठी आहे, पण श्रेणी हे एका दिवसाचे छायाचित्र असते. दोन छायाचित्रांमध्ये काय घडले, हे पाहणारे डोळे घरात हवेत. मुळशीतल्या कितीतरी घरांत आई सकाळीच भुगाव, बावधनकडे कामाला जाते आणि धाकट्या भावंडाला अंगणवाडीत नेणारी असते सहावी-सातवीतली ताई. त्या ताईला फरकाचा रकाना भरता येत असेल, तर बाळाच्या कार्डावरचे आकडे कोणीतरी खऱ्या अर्थाने वाचत आहे असे म्हणता येईल.

जिथे कोष्टक फसते

कोष्टकावर आंधळा विश्वास ठेवायला शिकवणे हेही तितकेच धोक्याचे. त्याची एक जुनी आणि बोधप्रद हकीकत आहे. १८६५-६६ मध्ये इंग्लंडमध्ये गुरांची महामारी पसरली होती. चार-चार आठवड्यांच्या टप्प्यांत नोंदवलेल्या नव्या बाधित जनावरांचे आकडे ९,५९७, १८,८१७, ३३,८३५ आणि ४७,१९१ असे चढत गेले. संसदेत आणि वर्तमानपत्रांत हाहाकार उडाला. विल्यम फार हे सरकारी नोंदणी कार्यालयातले वैद्यकीय संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी फेब्रुवारी १८६६ मध्ये एका दैनिकाला पत्र लिहून सांगितले की ही साथ लवकरच ओसरेल. त्यांनी पटीचा रकाना पाहिला होता. पट १.९६ वरून १.८० वर आणि तिथून १.३९ वर आली होती. आकडे चढत होते, पण पट उतरत होती, आणि उतरण्याचा वेगही वाढत होता. साथ खरोखरच ओसरली.

गोष्ट येथेच थांबवली तर मुलांना अर्धेच शिकवल्यासारखे होईल. फार यांचीच पद्धत वापरून १९९० मध्ये अमेरिकेतील दोन तज्ज्ञांनी भाकीत केले की तिथली एड्सची साथ शिखर ओलांडून गेली आहे आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत एकूण रुग्णसंख्या दोन लाखांच्या आसपास थांबेल. १९९५ पर्यंत नोंद झालेले रुग्ण पाच लाखांवर गेले. पद्धत तीच, आकडेमोड बिनचूक, उत्तर चुकीचे. कारण पट का बदलते आहे, याचे उत्तर कोष्टकात नसते. ते रोगात, माणसांच्या वागण्यात आणि तपासण्या किती झाल्या यात असते. कमी तपासण्या झाल्या की आकडा उतरतो, साथ उतरत नाही.

वर्गात हे दाखवायला खडू पुरतो. एक वर्तुळ काढावे, त्यावर बिंदू घ्यावेत आणि प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येक बिंदूला रेघेने जोडून आत किती तुकडे पडतात ते मोजावे. दोन बिंदूंना २ तुकडे, तीनांना ४, चारांना ८, पाचांना १६. सहा बिंदूंना किती? सगळा वर्ग ३२ म्हणेल. सहा बिंदू वेडेवाकडे घेऊन, एका जागी तीन रेघा छेदणार नाहीत असे पाहून, तुकडे मोजले तर ३१ भरतात. तीन वेळा दुप्पट दिसलेली मालिका चौथ्या वेळी फसवते. ज्या मुलाने ते तुकडे स्वतः दोनदा मोजले असतील, ते पुढे कोणाच्याही भाकितावर 'हे कशावरून?' असे विचारल्याशिवाय राहणार नाही. दूरध्वनीवर आलेल्या औषधाच्या जाहिरातीलाही ते तोच प्रश्न विचारेल.

वेळ कुठून आणायचा?

शिक्षकांची अडचण खरी आहे. पश्चिमेकडे ताम्हिणीच्या अंगाला असलेल्या वस्तीशाळांत पटावर मोजकी मुले असतात आणि एकाच शिक्षकासमोर अनेक इयत्ता बसतात. पूर्वेकडे हिंजवडी-माणच्या बाजूला वर्ग भरगच्च असतात. दोन्हीकडे कागदपत्रांचे काम असते, परीक्षा असतात, आणि परीक्षेत 'पुढील संख्या लिहा' एवढेच विचारले जाणार असेल तर शिक्षकाने शंभराव्या संख्येमागे का लागावे, हा प्रश्न योग्यच आहे.

म्हणूनच मागणी लहान ठेवावी. नवा विषय नको, नवा तास नको. आकृतिबंधाचा जो धडा आहे त्यातच कोष्टकाला दोन रकाने वाढवावेत आणि प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न बदलावा: पुढील संख्या लिहा, याऐवजी वाढ फरकाची आहे की पटीची ते सांगा, विसावी संख्या सांगा आणि तुमचे उत्तर कधी चुकू शकेल ते एका वाक्यात लिहा. एकशिक्षकी शाळेत तर याचा फायदाच आहे. एकाच कोष्टकावर तिसरीचे मूल बेरीज करील, पाचवीचे फरक काढील आणि सातवीचे नियम लिहील.

उदाहरणे आरोग्यातून घ्यावीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन मुलांची उंची आणि वजन घेते. ते आकडे नोंदवहीत जातात आणि तिथेच राहतात. ज्याची उंची त्याने आपल्या वहीत लिहावी, दर सहा महिन्यांनी फरक काढावा आणि पुढच्या वेळचा अंदाज आधी लिहून ठेवावा. हा आकडा मुलाचा खासगी आहे. तो फळ्यावर मांडून कोणाची उंची कमी, कोणाचे वजन जास्त अशी तुलना होऊ नये, एवढी काळजी शिक्षकांनी घ्यावी. अंदाज चुकला तर गुण कापू नयेत. का चुकला ते विचारावे. वयात येण्याच्या सुमाराला फरकाचा रकाना अचानक वर उसळी घेतो, हे मुलांना स्वतःच्या वहीत सापडले तर शरीरातल्या बदलांविषयी बोलण्याचा संकोचही थोडा कमी होईल.

आणि एक कोष्टक पावसाचे असावे. जूनच्या मध्याला शाळा उघडतात तेव्हा मुळशीत ढग उतरलेले असतात. उभ्या कडांच्या सपाट बुडाच्या डब्यात पट्टी बुडवून रोजचा पाऊस मोजायला खर्च येत नाही. महिनाभराने फरकाचा रकाना पाहिला तर तो सारखा नसेल. पटीचा पाहिला तर तोही नसेल. उद्या किती पडेल, असे विचारले तर मुलाने या वेळी 'यावरून सांगता येत नाही' असे उत्तर द्यावे आणि शिक्षकांनी त्याला पूर्ण गुण द्यावेत.